दुसरी पंगत

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. त्याच संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पारावर बसलेल्या आठ-दहा जणांसमोर मला विचारलं, "बोल प्रतिभा, काय पायजे? माग काय मागायचं ते."

चारचौघांत विचारलं, तिथंच ते अडकले.

"हॉटेलात जेवायचं," मी म्हणाले. "तुम्ही, आई आणि मी. तिघंच. उद्याच."

पारावर असा हशा पिकला की झाडावरच्या चिमण्या उडाल्या. "चांगदेव, सापडला की रं तू!" भिकातात्या मांडी थोपटत म्हणाले. "वकील व्हनार पोरगी तुझी." अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. शब्द गेला होता. आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये पारावर दिलेला शब्द मागं घेण्यापेक्षा माणूस गाव सोडेल.

मी हॉटेलच का मागितलं, ते फक्त आईला माहीत होतं.

सोमवारी डिंगोऱ्याहून हौशीराममामा आला होता, पत्रिका घेऊन. त्याच्या मुलीचं, अश्विनीताईचं, येत्या रविवारी लग्न. शनिवारी हळद. मामानं आईच्या हातात पत्रिका दिली आणि ओसरीवर अण्णांची वाट बघत बसला. अण्णा टोमॅटोच्या वावरात होते, हाकेच्या अंतरावर. दोनदा निरोप गेला, दोनदा उत्तर आलं, "पानी धरलंय, येता येत न्हाई." शेवटी मामा उठला. जाताना आईला म्हणाला, "इंद्रे, पोरीला पयली हळद आत्यानं लावायची असती. पावण्यांना घिऊन ये. एकटी आलीस तर मांडवात समदे मलाच इचारतील." आई त्याला एसटीपर्यंत सोडायला गेली आणि आल्यावर भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

अण्णांचा राग नऊ वर्षांपूर्वीचा. धाकट्या मावशीचं लग्न होतं आणि अण्णा थोरले जावई. आमच्याकडं जावई आपणहून पंगतीत बसत नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. त्या दिवशी मामा नवऱ्याकडच्या माणसांना वाढण्यात गुंतला आणि अण्णांच्या हाताला धरायला कुणी आलंच नाही. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. पहिली पंगत उठली, तेव्हा मामाच्या लक्षात आलं. तो धावत आला, हात जोडले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हापासून अण्णांचं एक वाक्य आहे आणि ते आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे: "मला, थोरल्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला बसवला, जीपच्या ड्रायव्हरांसंगं, आन् तवर बुंदी संपली व्हती!"

बुंदीपाशी आवाज चढतो.

नऊ वर्षांत अण्णा डिंगोऱ्याला गेले नाहीत. आई एकदाच गेली, आजोबा वारले तेव्हा, आणि दिवस मावळायच्या आत परत आली. "जायचं तर जा की, मी कुटं अडवतोय," असं अण्णा म्हणतात. ते असं म्हणाले की आई जात नाही.

आता तिला नुसतं विचारायचं होतं. एकदा, नीट, समोर बसून. पण आमच्या घरात चौदा माणसं. अण्णा ओसरीवर चुलत्यांसोबत, आई चुलीपाशी काकूंसोबत, आणि मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं ते "चहा टाका" आणि "वैरण टाकली का" इतकंच. नंतर वीज येईल तेव्हा अण्णा मोटार चालू करायला मळ्यात. मी हिशेब घातला: सोमवारपासून बुधवारपर्यंत ते एकमेकांशी अकरा वाक्यं बोलले आणि त्यातली चार गाईबद्दल होती.

म्हणून हॉटेल. मी तर आईला भाषणच लिहून दिलं. तीन मुद्दे, एक दृष्टांत, शेवटी नम्र आवाहन. आईनं कागद वाचला, घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. "लई चांगलं लिवलंस," म्हणाली. मी खूश.

गुरुवारी सांजच्याला आम्ही तिघं एम-एटी मोपेडवर मंचरला निघालो. आजी दारात उभी राहून म्हणाली, "घरातली चूल इझली का गं बायांनो?" आईनं खाली मान घातली. मीच म्हणाले, "चूल तिथंच आहे आजी, येताना तुला पान आणते." गाडी सुटली. आई लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती. पदर उडू नये म्हणून तिनं तो दातात धरला होता, त्यामुळे वाटेत बोलायचा प्रश्नच आला नाही.

हॉटेल हायवेला लागून. मालक सावळेरामशेठ, अण्णांच्या ओळखीचे, आमचे टोमॅटो घेतात. "या या चांगदेवभाऊ! वयनी पन? वा! फॅमिली रूममध्ये बसा." फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचे तीन खण, प्रत्येकापुढं एक मळका पडदा. आत एक टेबल आणि समोरासमोर दोन बाकं.

"मी पलीकडं बसते," मी म्हणाले. "तिथून टीव्ही दिसतो."

"एकटी कशाला? हितं बस की आईजवळ," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज जरा घाबरल्यासारखा झाला. शपथ! दीडशे माणसांच्या सोसायटीच्या सभेत उभा राहून भांडणारा माणूस, आणि आईसमोर एकटं बसायला घाबरला.

मी शेजारच्या खणात शिरले. माझ्यासाठी पनीर मसाला मागवला, जन्मात पहिल्यांदा. प्लायवूड छताला पोचत नव्हतं, आणि खिळ्याजवळ एक चीर होती. मी डोळा लावला. असं बघणं चांगलं नाही, कळतं मला. पण माझं भाषण होतं ते.

वाढपी चिमाजी म्हणून होते, आजोबांच्या वयाचे, खांद्यावर फडकं. "काय आनू भाऊ?"

"मासवडी थाळी," अण्णा म्हणाले.

मला हसू फुटलं. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून आई जी मासवडी करते, ती खायला आळीतली माणसं काहीतरी काम काढून येतात. आणि हे हॉटेलात येऊन मासवडीच मागतात!

"एक का दोन?"

"एक आन. मागून बगू."

आईनं स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. मी म्हटलं, ती पोटभर बोलणार आहे, म्हणून जेवण नको असेल.

थाळी आली. आणि आईनं काय केलं, तर थाळी अण्णांपुढं सरकवली, रस्स्याची वाटी जवळ घेतली आणि वाढायला लागली. ताट होतं, वाट्या होत्या, सगळं वाढलेलंच होतं, तरी ती वाढत होती. वाटीतला रस्सा चमच्यानं ताटात घालत होती, भाकरीचा पदर सोडवून देत होती. अण्णा जेवत होते. टोमॅटोवर आलेल्या करपा रोगाबद्दल बोलत होते. एकदा म्हणाले, "गर्मी हाय हितं." एकदा म्हणाले, "प्रतिभानं बक्षीस आनलं, बरं केलं."

"अवो," आई म्हणाली.

मी पनीर तोंडातच धरलं.

"कांदा घ्या."

बस. कांदा घ्या! तीन मुद्दे, दृष्टांत, नम्र आवाहन, आणि कांदा घ्या. मला प्लायवूडवर डोकं आपटावंसं वाटलं.

अण्णांचं जेवण झालं. ताटात एक चतकोर भाकरी आणि थोडा रस्सा ठेवला, पाणी प्यायले आणि हात धुवायला बाहेर बेसिनकडं गेले. आईनं पदर खोचला, बाकावर जरा पुढं सरकली आणि ताट आपल्याकडं ओढलं.

तेवढ्यात चिमाजी आले आणि त्यांनी ताट उचललं.

"अवो, अवो! न्हेऊ नका ते," आई म्हणाली.

"का मावशी? उष्टं हाय."

"माझं हाय ते."

"तुमचं? भाऊंचं जेवान झालं की."

"त्यांचं झालं. आता माझं."

चिमाजी ताट हातात धरून तसेच उभे राहिले. पडदा उघडा होता. समोरच्या टेबलावर दोन ट्रकवाले आणि एक जीपवाला मिसळ खात होते. त्यातला एक फिस्सकन हसला. "मावशी, हॉटेल हाय ह्ये! दुसरी थाळी मागवा की!" दुसराही हसला. वाईट हसले असं नाही, पण हसले.

मीही आधी हसणार होते. आणि मग हसू आलंच नाही. कारण आई चुकून तसं बोलली नव्हती. आमच्या घरी रोज असंच असतं. आधी पुरुष बसतात आणि आम्ही पोरं. मग अण्णा ताटात चतकोर ठेवून उठतात, आणि सगळ्यांचं झाल्यावर आई त्याच ताटात वाढून घेते. म्हणून तर अण्णा कधी ताटात हात धूत नाहीत. बाकीच्या माणसांपेक्षा आपण बायकोला जपतो, असं त्यांना त्यात वाटतं. आईलाही वाटत असावं. एसटी स्टँडवर तिनं माझ्याबरोबर भेळ खाल्लीय, आपली आपण मागून. पण समोर अण्णा बसले की तिचं जेवण त्यांच्या नंतरच सुरू होतं, मग ती कुठंही असो.

अण्णा ओले हात झटकत आले. चिमाजींच्या हातातलं ताट, आईचा चेहरा, हसणारी माणसं, सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं. त्यांचे कान लाल झाले.

"काय झालं?"

"काय न्हाई भाऊ, मावशी म्हनत्यात ह्ये ताट त्यांचं हाय," चिमाजी म्हणाले.

अण्णा खालच्या आवाजात आईला म्हणाले, "चल. ऊठ. घरी जाऊ."

झालं. संपलं. मी माझा पडदा सारून त्यांच्या खणात घुसले. "अण्णा, मला दोन शब्द बोलायचेत!"

"तू तुझं पनीर खा," आई म्हणाली. माझ्याकडं न बघता. मग अण्णांना म्हणाली, "मी जेवले न्हाई अजून."

मोठ्यानं नाही, चिडूनही नाही. पण ती उठली नाही. मोरपंखी साडीत, हात मांडीवर, बसून राहिली. अण्णा उभे. आईनं त्यांना उभं ठेवलंय आणि आपण बसलीय, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी माझ्या खणात परत गेले. हो, आणि चिरीला डोळा लावला.

अण्णा बसले. "दुसरी थाळी आना," ते चिमाजींना म्हणाले.

"भाकरी थापायला धा मिन्टं लागतील."

"लागूंद्या."

ती दहा मिनिटं लई लांब होती. अण्णांनी पेला उचलला, ठेवला. मिठाची बाटली हलवून बघितली. टोमॅटोचं बोलून झालं होतं. आई शांत बसली होती. तिला वाट बघायची सवय आहे.

थाळी आली. आईनं पदर सावरला, भाकरी मोडली. आणि अण्णांना काय करावं ते कळेना. हात कुठं ठेवावेत तेही कळेना. त्यांनी तिच्या पेल्यात पाणी ओतलं, ते सांडलं, मग हातानंच पुसलं. मग ते तिच्याकडं बघत बसले. तिनं वडी उचलली तेव्हा त्यांनी विचारलं, "आवडती का गं तुला मासवडी?"

आईनं जरा विचार केला. "काय म्हाईत. रस्सा चांगला व्हतो माझा."

आधी मला वाटलं ती चेष्टा करतेय. मग आठवलं. आमच्याकडं मासवडीचा बेत असला की अण्णांना सहा, काकांना पाच, आम्हा पोरांना तीन-तीन. मी तर भांडून चौथी घेते. आईची वेळ येते तेव्हा टोपात रस्सा असतो. सोळा वर्षं ती मासवडी करतेय. मी पनीरची वाटी बाजूला सारली.

तिनं वडीचा तुकडा खाल्ला. सावकाश चावला.

"तीळ कमी पडल्यात," ती म्हणाली. "आन् खोबरं खवट हाय."

"मला तर चांगली लागली."

"तुमाला काय, मासवडी म्हनलं की झालं."

अण्णा हसले. मग म्हणाले, "लई सावकाश जेवती तू."

"घरी निम्म्यात दोनदा उठावं लागतं. आज कुनी हाक मारीना."

बाहेर टीव्हीवर कुणीतरी हिंदीत रडत होतं. चिमाजींनी पडदा ओढून घेतला होता. अण्णांनी खाकरल्यासारखं केलं.

"पत्रिका आलीय म्हने."

"हां. सोमवारी."

"मला म्हाईती हाय सोमवारी. मी वावरातच व्हतो." ते ताठ बसले. आता वाक्य येणार, मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. "तुला सांगतो, त्या दिशी तुझ्या भावानं मला, थोरल्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला..."

आणि थांबले.

मी वाट बघत होते. जीपचे ड्रायव्हर आले नाहीत. बुंदी आली नाही. आई जेवत होती, मान खाली, बोटांनी भात गोळा करत होती, आणि अण्णा तिच्या हाताकडं बघत होते. तोंड अर्धवट उघडंच. मग त्यांनी ते मिटलं. रिकामा पेला गोल गोल फिरवला.

आई काही म्हणाली नाही. मी असते तर म्हणाले असते. मी असते तर लगेच पकडलं असतं, मुद्दा क्रमांक चार, टाळ्या! ती नुसती जेवत राहिली, आणि अण्णांना त्या अर्ध्या वाक्यासोबत एकटं सोडलं.

शेवटी ते म्हणाले, "हळद किती वाजता हाय?"

आईचा हात ताटात थांबला. "शनवारी. दुपारी चारला."

"म्हंजे सकाळी निगाय लागंल. गाईंचं कोन बगनार?"

"भाऊजी बगत्याल. मी त्यांना इचारून ठेवलंय."

"कवा?"

"मंगळवारी."

"आन् मला न्हाई इचारलं?"

"तुमी सापडला कुटं?"

"पन फेटा बांधून घेनार न्हाई मी," ते म्हणाले. "आत्ताच सांगून ठिवतो. फोटोला पन हुबा ऱ्हानार न्हाई."

"बरं."

"आन् दोन दिस ऱ्हायचं न्हाई. रयवारी सांजच्याला म्हागारी."

"बरं," आई म्हणाली आणि पडद्याकडं बघून हाक मारली, "अवो बाबा, अजून एक भाकरी आना. गरम असंल तर."

चिमाजींबरोबर सावळेरामशेठही आले. ताटाचा प्रकार त्यांच्या कानावर गेला असावा. "वयनी, राग नका मानू, आमचा मानूस जुना हाय," वगैरे म्हणाले. त्यांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता, नवाकोरा, दोरीनं गळ्यात अडकवलेला. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले.

"शेठ, ह्याच्यावरनं डिंगोऱ्याला लागतो का?"

"जगात कुटं पन लागतो. नंबर सांगा."

अण्णांनी आईकडं बघितलं. आईनं नंबर सांगितला, न अडखळता, घडाघडा. पत्रिकेवरचा. आमच्या घरात फोनच नाही, तिनं तो कशाला पाठ केला असेल ते तीच जाणे.

आता मला त्या खणात बसवेना. मी त्यांच्या पडद्याशी जाऊन उभी राहिले. कुणी हटकलं नाही.

अण्णांनी मोबाइल कानाला लावला, खूप जोरात. "हॅलो? हां. मी चांगदेव बोलतोय. अवसरीवरनं." पलीकडून घाबरा आवाज आला, काय झालं म्हणून. तो मला तिथवर ऐकू आला. अण्णांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. "न्हाई, समदी बरी हायेत. शनवारी येतोय म्हनून सांगायचं व्हतं... दोगं. प्रतिभाला धरून तिघं... न्हाई न्हाई, जीप पाठवू नका, आमी येतो आमचं... अवो रडताय कशाला पावणं? थांबा. हिच्याशी बोला."

त्यांनी मोबाइल आईपुढं धरला. आईचा उजवा हात रस्स्यानं भरलेला, डाव्या हातात भाकरी. ती उठायला लागली, हात धुवायला.

"ऱ्हाऊंदे. जेव तू," अण्णा म्हणाले आणि टेबलावरून वाकून मोबाइल तिच्या कानाला लावला. आधी उलटा लावला. सावळेरामशेठनी सुलटा करून दिला. दोरी शेठच्या गळ्यातच होती, त्यामुळे तेही वाकलेले.

"हां दादा," आई म्हणाली. "हां... हां, येते... तू आधी गप व्हय बरं... कोन, मी? मी हॉटेलात हाय, मंचरला... अरं खरंच!" तिनं समोर बघितलं. अण्णांचा हात अवघडला होता, त्यांनी दुसऱ्या हाताचा टेकू दिला.

"न्हाई रं दादा, त्यांचं कवाच झालं," आई म्हणाली. "ते बसलेत. मी जेवतेय."